लॅकीनं निजवलेली गाडी

या मंडळी, पुढं सरका. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही, आणि मधेच उठून जायचीही नाही. शेगडीत लाकूड आहे, किटलीत चहा आहे, आता आणखी काय पाहिजे? मी तुम्हाला एका मोटरसायकलची गोष्ट सांगणार आहे. ती चालू का होत नव्हती आणि त्याचं कारण मी कसं शोधलं, एवढीच. कारण सापडलं, हे आधीच सांगून टाकतो. सापडलं ते बरं झालं की नाही, ते मात्र माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं ओटुरेहुआ म्हणजे पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडं, जिथं हिवाळा मे-जूनमध्ये येतो, हॉकडनच्या डोंगररांगेखाली उघड्या माळावर सांडलेली मूठभर घरं. मे महिना सरता सरता हिंव असं पडतं की दोरीवर वाळत घातलेली विजार काठीसारखी उभी राहते. रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरतो. मग माणसं गोठलेल्या धरणावर दगड सरकवत खेळायला जातात, आणि मोटरसायकली निजतात. 'निजवणं' हा आमचाच शब्द. 'निजवलीस का रे गाडी?' असं मे महिन्यात कुणीही कुणालाही विचारतो. सप्टेंबरात विलोच्या झाडांना पिवळसर कोंब फुटायला लागले, कुंपणाआड कोकरं ओरडायला लागली, की गाड्या उठवायच्या. आणि ज्या उठत नाहीत त्या ढकलत ढकलत पोस्टामागच्या माझ्या शेडमध्ये येतात.

झोपेतून न उठणाऱ्या गाडीला तीन प्रश्न विचारायचे असतात. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? हवा दाबली जातेय का? यातल्या एकाचं उत्तर 'नाही' असतंच. पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरात काकवीसारखं चिकटलेलं असतं, बॅटरी मेलेली असते, नाहीतर एखाद्या उंदरीनं हवेच्या गाळणीत बाळंतपण उरकलेलं असतं. जन्मभर हेच बघत आलो. तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणूनही न उठलेली गाडी मी एकच पाहिली. ती लॅकी टेलफरची.

लॅकी माझा शाळेपासूनचा दोस्त. मेंढ्या भादरण्यात त्याचा हात धरणारा या माळावर कुणी नव्हता, आणि गालात कायम बडीशेपेची गोळी. पण जन्मभर लोकरीची धूळ छातीत गेली, आणि त्या वर्षी हिवाळा लागता लागता त्याला डुनेडिनच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. तो परत आलाच नाही. म्हणजे तेव्हा आला नाही.

सप्टेंबरात एके दिवशी त्याची बायको एफी माझ्या शेडमध्ये आली. हातात केकचा डबा. एफी केक घेऊन आली की समजायचं, काम अवघड आहे.

"स्कोबी, त्याची गाडी चालू करून दे."

"मी? अगं, त्याच्या गाडीला मी हात लावला तर तो मला जिवंत भादरेल. येऊ दे त्याला घरी, तोच करेल."

"तो येणार नाही म्हणतात डॉक्टर." तिनं डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट बसलंय का ते उगाच दाबून बघितलं. "श्वास पुरत नाही त्याला. अर्धाच येतो आणि अडतो. विलो हिरवे होईपर्यंत काढले तर पुष्कळ, म्हणाले. पण रोज फोनवर एकच विचारतो, गाडी उठली का? मला खोटं बोलता येत नाही, स्कोबी. आमची शेड स्वैपाकघराला लागून आहे. खिडकीतून फोन बाहेर धरीन मी. एकदा त्याला आवाज ऐकू दे. त्या आवाजावर तो उठून बसेल. तू हसू नकोस."

मी हसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठलेलं दव वितळल्यावर हत्यारांची पेटी घेऊन गेलो. लॅकीची शेड जाड मातीच्या विटांची आहे, वर पत्रा. आत लोकरीचा तेलकट वास कायमचा मुरलेला. कोपऱ्यात गोणपाटाखाली गाडी. इंग्लिश बनावटीची, एका सिलिंडरची, आम्हा दोघांच्याही लग्नाआधीची. निजवायची कशी, हे लॅकीकडून शिकावं. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून चिंध्यांचा बोळा, आणि तो काढायला विसरू नये म्हणून हँडलला लाल लोकरीचा दोरा. दोन्ही काढले. टायर बघितले तर दोन्ही बसलेले. चार महिन्यांत हवा जायचीच.

नवं पेट्रोल घातलं. टाकीचा कॉक उघडला, नळीला स्वच्छ धार. माझा एक प्लग टोपीत बसवून इंजिनाला टेकवला, ठिणगी पाडणारे पॉइंट स्क्रूड्रायव्हरनं उचकले. निळी, जाड ठिणगी. दोन प्रश्न सुटले. मग किकवर पाय ठेवला.

किक हलली नाही.

मी काही वाळका माणूस नाही. सगळं वजन टाकून उभा राहिलो, तर पायरीवर उभं राहावं तसा उभाच. वाटलं, जाम झालं, गंज धरला. पण गंजलेलं इंजिन दगडासारखं असतं. हे गादीसारखं होतं. जोर दिला की केसभर आत जायचं आणि सोडला की वर यायचं. आत हवा होती. दाबून धरलेली हवा.

त्यात तसं नवल नव्हतं. लॅकीची एक पद्धत होती. गाडी निजवताना तो किक हळूहळू दाबत पिस्टन जवळजवळ माथ्यापर्यंत आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या राहतात आणि हिवाळ्याचा दमटपणा आत शिरत नाही. 'श्वास धरून निजवायची,' म्हणायचा. पण मंडळी, हे म्हणण्यापुरतं! त्या म्हाताऱ्या इंजिनाच्या रिंगा इतक्या झिजलेल्या की किकवर उभं राहिलं तर 'हे आमच्या बापा' म्हणेपर्यंत ती सुस्कारा सोडत खाली बसायची. रबरी टायरांनी जी हवा धरली नाही, ती या फुटक्या मडक्यानं चार महिने धरली कशी?

मला राहवेना. सिलिंडरवर हवा सोडायची एक छोटी कळ असते. ती जराशी दाबली.

फुस्स झालं. बोटांवर हवा आली ती ऊबदार होती. सकाळच्या त्या थंडीत, गार लोखंडातून, ऊबदार. तिला बडीशेपेच्या गोळीचा वास होता. आणि शेवटाला ती अडखळली, खोकला येण्याआधी माणूस अडखळतो तशी.

मी कळ सोडली. स्वैपाकघरात फोन वाजला.

थोड्या वेळानं एफी दारात आली. "वॉर्डातून फोन होता. एकदम गुदमरला म्हणे. आता बरा आहे." तिनं हात पुसले. "तुझं कुठवर आलं?"

"बघतोय," म्हणालो.

किक पुन्हा दाबून पाहिली. इतकी हवा गेली, तेव्हा ती उतरायला हवी होती. ती तिथंच होती. आता खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला कुतूहल वाटलं. मी देवभोळा आहे, पण भोळा नाही. हवेला जायला वाट द्यावी आणि मोकळं व्हावं, असं म्हणून प्लगला पाना लावला. पाव आटा फिरवला असेल. पुन्हा फुस्स, या वेळी लांब. बडीशेपेचा वास शेडभर पसरला. कुत्रा दारात झोपला होता, तो उठून अंगणात जाऊन उभा राहिला.

फोन.

या वेळी एफीनं खिडकीतूनच हाक मारली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"स्कोबी! नायरी बोलतेय, वॉर्डातली नर्स. विचारतेय, तुमच्याकडं स्कोबी म्हणून कुणी आहे का?"

"आहे म्हणावं. का?"

"लॅकी निळा पडलाय म्हणते. ओठ हलवतोय. 'स्कोबीला सांग, पाना उलटा फिरव.'"

मी पाना उलटा फिरवला. प्लग आवळला, हात दुखेपर्यंत आवळला. खिडकीत एफी फोन कानाला लावून उभी होती. बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली. श्वास पुन्हा लागला होता. अर्धा, पण लागला होता.

तुम्ही म्हणाल, त्याला ठाऊक असणार आज स्कोबी येणार आहे ते. मीही तेच म्हणालो. एफीनं आदल्या दिवशी त्याला सांगितलं होतं. त्याचं डोकं गाडीतच असायचं, भ्रमात बोलला असेल. पटण्यासारखं आहे. पण तिसऱ्यांदा करून बघायची माझी छाती नव्हती.

आम्ही स्वैपाकघरात बसलो. केकला कुणी हात लावला नाही.

"निजवली त्या दिवशी तू इथंच होतीस?"

"चहा घेऊन गेले होते शेडमध्ये," एफी म्हणाली. "कार्ब्युरेटर उघडून जेटचं बारीक भोक तोंडानं फुंकत होता. नको फुंकू म्हणाले, छाती बघ कशी वाजतेय. ऐकतोय कसला! फुंकून खोकला, खोकून परत फुंकला. मग सगळं जोडलं आणि त्याच्यावर वाकून, हातानं ती किक हळूहळू दाबायला लागला. मोठ्यानं श्वास घेत होता, स्कोबी. आणि मधेच तो थांबला. खोकलाही थांबला. ताठ उभा राहिला, किकवरून हात काढला आणि म्हणाला, 'ठेवला नीट.'"

"ठेवली म्हणाला असेल. गाडी."

"'ठेवला' म्हणाला." तिनं माझ्याकडं बघितलं. "त्या दिवसापासून त्याला पुरा श्वास आला नाही."

फळं तोडायच्या हंगामात आमच्या भागात सामोआ बेटांवरची मंडळी येतात. त्यांचा एक जाडजूड पाद्री आहे. तो उपदेश बोलत नाही, गातो. आणि त्याचं गाणं ऐकायला मी बागांपर्यंत तासभर गाडी हाकत जातो. देवानं मातीच्या नाकात फुंकर घातली, ही कथा तो अशी गातो की पहिल्या ओळीला माती नुसती माती असते आणि चौथ्या ओळीला ती शिंकते. 'ज्या दारानं दिलास, त्या दारानं ने' असं त्याचं पालुपद आहे. त्या दुपारी एफीच्या टेबलाशी बसलो असताना ते पालुपद माझ्या डोक्यात वाजायला लागलं, आणि त्याच्याबरोबर इंजिनाचे चार ठोके: घे, दाब, पेटव, सोड. कळ दाबली काय, प्लग काढला काय, किक मारून सायलेन्सरातून काढली काय, हवा बाहेर जायच्या दारानंच जाणार. वापरून झालेली हवा. गेलेला श्वास.

पण इंजिन उलटं फिरवलं तर?

"एफी, टॉप गिअर टाकून गाडी मागं ढकलली, तर पिस्टन उलटा जाईल. आधी खाली, मग परत वर. आत घेणारी झडप उघडेल, आणि हवा जिथून आत गेली तिथूनच बाहेर येईल. कार्ब्युरेटरातून."

"मग?"

"मग काही नाही. तिथं कुणीतरी तोंड लावून बसायला पाहिजे, एवढंच."

ती उठली आणि मोटारीची किल्ली शोधायला लागली.

डॉक्टर रागावले म्हणे. एफीनं सही करून त्याला सोडवून घेतलं. नायरीनं उशा दिल्या, ऑक्सिजनचं नळकांडं दिलं, आणि पिगरूटच्या घाटातून एफीनं त्याला घरी आणलं. मोटारीतून उतरवला तेव्हा मी ओळखलं नाही. माझ्या दोस्ताचा नुसता डगला कुणीतरी आणलाय असं वाटलं. पण जीभ तीच होती.

"चार महिने निजलेली," तो म्हणाला. थांबला. "एक... गाडी... उठवता येत नाही तुला."

"तुझ्यासारखीच आहे. हट्टी."

"मेकॅनिक... म्हणे."

"बोलू नकोस रे, पुरवून वापर," एफी म्हणाली.

नळकांड्याची चावी मी बंद केली आणि ते बाहेर नेऊन ठेवलं. पेट्रोलजवळ ते नको. टाकीचा कॉक बंद केला, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून पुसली. हवेची गाळणी काढली. लॅकीला सफरचंदाच्या खोक्यावर बसवला. कार्ब्युरेटरचं उघडं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. एफीनं ॲक्सिलरेटर पुरा उघडून धरला. मी टॉप गिअर टाकला, हँडल धरलं आणि पाय रोवले.

एक हिशोब डोक्यात होता. इंजिन पाचशे सीसीचं. म्हणजे अर्धा लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात तेवढीच घेतो. तेवढ्यानं काय होणार आहे, असं मी मनाशी म्हणालो.

"देवाचं नाव घे," एफी म्हणाली.

मी गाडी मागं रेटली.

चाक अडलं. मग सुटलं. आत कुठंतरी पिस्टन खाली गेला. झडप उघडल्याचा टक् असा आवाज आला.

मग हवा आली.

फुस्स नाही. हळू. झोपलेलं मूल श्वास सोडतं तशी.

लॅकीनं डोळे मिटले. त्याची छाती वर आली.

अर्धा लिटर हवा डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायला हवी.

छाती वर येतच होती.

मी ढकलायचं थांबलो होतो. चाक स्थिर होतं.

हवा येतच होती.

शेडमध्ये बडीशेपेचा वास आला, आणि त्याच्यामागून दुसरा एक. थंड लोखंडाचा.

मग ते थांबलं.

लॅकीनं डोळे उघडले. आधी एफीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि सबंध वाक्य एका दमात म्हणाला, "बाजूला हो स्कोबी, तुला किक मारता येत नाही."

तो उठला. कॉक उघडला, गिअर काढला आणि पाय टाकला. किक सुटलेल्या कडीसारखी खाली पडली. तिला काही वजनच नव्हतं. आणि गाडी चालू झाली. पहिल्या किकला. एफी तिथंच खाली बसून रडायला लागली आणि तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला, "अगं रडतेस काय, चहा टाक!"

पुढचं थोडक्यात सांगतो. डुनेडिनच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि कधी कधी होतं असं, म्हणाले. लॅकी पुन्हा चालायला लागला, मग मेंढ्यांमागं पळायला लागला. खोकला नावाला उरला नाही. आनंद झाला. मी बागेत जाऊन पाद्रीबाबांकडून ते मातीचं गाणं मुद्दाम गाऊन घेतलं, आणि पुरुषासारखा पुरुष मी, ढसढसा रडलो.

गाडी मात्र मी नंतर एकदा तपासली. प्लगच्या जागी दाबाचं गेज लावलं आणि किक मारली. काटा शून्यावरून हलला नाही. पुन्हा मारली. नाहीच. त्या इंजिनात हवा दाबलीच जात नाही, मंडळी. दाब नसेल तर इंजिन चालत नाही. हे मला जितकं पक्कं माहीत आहे तितकं स्वतःचं नावही नाही. ती चालते. उघडून बघायला हात शिवशिवत होते. एफीनं पेटीचं झाकण माझ्या हातासमोर मिटलं.

"नको उघडू," म्हणाली. "चाललंय ना? चालू दे."

मी पेटी उचलली आणि घरी आलो.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. जुलैचा रविवार, आणि देवळातली शेगडी बंद पडलेली. गारठा असा की बाकांवर माणसं कोटासकट एकमेकांना चिकटून बसली होती. गीत सांगायला मी समोर उभा होतो, त्यामुळे सगळ्यांची तोंडं मला दिसत होती. पहिलं कडवं सुरू झालं आणि सगळ्यांच्या तोंडून पांढऱ्या वाफेचे ढग निघाले. म्हाताऱ्यांचे छोटे, पोरांचे मोठे. मला फार सुंदर वाटलं ते. श्वास आज दिसतोय, असं मनात आलं, आणि मी एकेका बाकावरून नजर फिरवत गेलो.

तिसऱ्या बाकापाशी लॅकी उभा होता. त्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तोंड पुरं उघडलेलं, लांब सूर न तोडता धरलेला. त्याच्या तोंडासमोरची हवा अगदी स्वच्छ होती, वाफेचा मागमूस नाही. त्याच्या मागच्या भिंतीवरची खिडकी मला स्पष्ट दिसत होती.

एफी त्याच्या शेजारी होती. तिनं उजवा हातमोजा काढला आणि त्याचा गळपट्टा सारखा करावा तसा हात वर नेऊन तळवा त्याच्या ओठांसमोर धरला. सूर संपेपर्यंत धरला. मग कोरडा तळवा उलटून पाहिला, पुन्हा हातमोजा चढवला आणि पुढची ओळ म्हणायला लागली. तिची नजर माझ्या नजरेला भिडली. ती हसली नाही, आणि मी गीत थांबवलं नाही.

तर मंडळी, आता उठा, थंडी वाढतेय. लॅकीची काळजी करू नका. तो ठणठणीत आहे. पण आज घरी जाऊन प्रार्थनेला बसाल, तेव्हा एफी टेलफरची आठवण ठेवा. रोज रात्री त्याच्या शेजारी तिला निजायचं असतं.